गाण्यांच्या ‘टॉप टेन’ याद्या आता कोणी ऐकतं का?

वहीतली_गाणी (सांगली):

नमस्कार मंडळी. बाबा गेल्यावर घर आवरताना लोखंडी कपाटात तीन शंभर पानी वह्या सापडल्या. वर नुसतं ‘गीतमाला’ लिहिलंय, म्हणजे रेडिओ सिलोनवरचा हिंदी सिनेगीतांच्या क्रमवारीचा कार्यक्रम. आत दर बुधवारची तारीख, खाली एक ते सोळा आकडे आणि प्रत्येकासमोर गाणं नि सिनेमा, सगळं निळ्या शाईत. वर चढलेल्या गाण्यापुढे लाल पेन्सिलीने वर जाणारा बाण, उतरलेल्यापुढे खाली जाणारा. १९६६ ते १९७१, सहा वर्षं. १९६६च्या वार्षिक यादीत सगळ्यात वर ‘बहारों फूल बरसाओ’, त्याला दोनदा अधोरेखित केलंय. काही गाण्यांपुढे गोलात ‘स’ आहे, तो मला कळला नाही. एका बुधवारी पहिल्या चार आकड्यांसमोर बाबांनी आधी काही लिहिलेलं नसावं, कारण बाजूला बारीक अक्षरात ‘स्टेशन गेले’ असं आहे आणि ती चार गाणी नंतर वेगळ्या शाईने भरलीत.

माझी मुलगी नववीत आहे, सतत कानात गाणी. तिला विचारलं, सध्या एक नंबरला कुठलं गाणं आहे गं? ती म्हणाली, “कुठे एक नंबरला?” उद्धटपणा नव्हता, तिला प्रश्नच कळला नाही. मग तिने फोनवर तीन वेगवेगळ्या याद्या काढून दाखवल्या. तिन्हींत पहिलं गाणं वेगळं, आणि त्यातलं एक तर तिने कधी ऐकलेलंच नव्हतं.

तुमच्यापैकी कोणी आज अशी यादी बघून गाणं ऐकतं का? आणि जुन्या मंडळींना विचारायचंय, बाबा सहा वर्षं जे लिहीत होते ते नक्की कशासाठी?

कोरी_कॅसेट (बार्शी):

ताई, त्या वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, कागद घामेजतो. सुती कापडात बांधून ठेवा.

गोलातला ‘स’ म्हणजे सरताज. एखादं गाणं पंचवीस आठवडे यादीत टिकलं की गीतमालेचे निवेदक अमीन सयानी बिगुल वाजवून त्याला ‘सरताज गीत’ म्हणून मान द्यायचे आणि यादीतून निवृत्त करायचे. म्हणजे नव्या गाण्याला जागा व्हायची. तो बिगुल वाजला की आमच्या घरात आजीसुद्धा जपाची माळ थांबवायची.

१९८४ ते २००३ बार्शीत भगवंत मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्हा भावांचं कॅसेटचं दुकान होतं. विकाऊ कॅसेट होत्याच, पण खरा धंदा गाणी भरून द्यायचा. गाण्याला एक रुपया. तेव्हा गावोगावी हे सर्रास चालायचं, परवानगीचा विचार कोणी करत नसे. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला सहा गाणी बसायची. सहावं लांब असलं तर शेवटच्या अंतऱ्यात टेप संपायची, म्हणून मी आधी मिनिटांची बेरीज कागदावर करायचो आणि मगच डेक चालू करायचो.

सुरुवातीच्या त्या वर्षांत गुरुवारी सकाळी मी शटर वर करायच्या आत दोघंतिघं पायरीवर उभी असायची, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. बुधवारी रात्री आठला सिलोन लावून घाईघाईत लिहिलेली. शब्द कानाला जसे लागले तसे, सिनेमाचं नाव निम्म्या वेळा चुकलेलं. एका चिठ्ठीवर फक्त ‘पायदान ५, लताचं, पाऊस आहे’ एवढंच होतं (पायदान म्हणजे यादीतला क्रमांक). मी गाणं लगेच काढून दिलं, कारण मीही बुधवारी रेडिओपाशीच बसलेलो असायचो. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांनी एकाच तासाला तीच यादी ऐकलेली असायची, म्हणून ‘पायदान ५’ म्हटलं की भागायचं.

आणि गाणं तेव्हा सहज हाती लागत नव्हतं हो. सिनेमा आमच्याकडे यायला महिने लागायचे. तुमच्या बाबांच्या काळात तर रेकॉर्ड घ्यायची ऐपत किती घरांत होती? गीतमाला म्हणजे ते गाणं ऐकायला मिळायची वाट होती. आज माणूस गाणं आधी ऐकतो, यादी मागून येते. ज्याने ऐकलंय त्याला ते कितवं आहे हे कळून काय करायचंय?

ती सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ला. आपल्या पुण्याचेच बाळकृष्ण केसकर तेव्हा केंद्रात नभोवाणीमंत्री होते आणि आकाशवाणीवर सिनेसंगीत त्यांना फारसं नको होतं. लोकांनी सुई सिलोनवर नेली. आधी सातच गाणी लागायची आणि लोकप्रियतेचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. पायदानांची यादी नंतर आली. ती रेकॉर्डच्या दुकानांतला खप आणि श्रोता संघांची मतं अशा दोन्हींवर बनायची. मी शाळेत असताना आमच्या आळीतही एक संघ होता. नऊ पोरं, एक रबरी शिक्का आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा. तो शिक्का मारायचा मान मिळावा म्हणून मी दोन महिने सगळ्यांसाठी पोस्टात हेलपाटे घातलेत. तुमचे बाबाही बहुधा अशा एखाद्या संघात असतील. लाल बाण काढणारा माणूस नुसता ऐकणारा नसतो, आपण मत दिलेलं गाणं किती चढलं ते तो बघत असतो.

लेस्टरची_सून:

काका, चिठ्ठ्यांचं वाचून फार बरं वाटलं, पण एका मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही. मी १९९८ला लग्न होऊन इंग्लंडात आले. इथे गाणं दुर्मिळ नव्हतं, प्रत्येक मोठ्या रस्त्यावर रेकॉर्डचं दुकान. तरीही रविवारी संध्याकाळी रेडिओवर टॉप ४० लागायचं आणि आमच्या शेजारची दोन्ही मुलं हातातलं टाकून ऐकायला बसायची. गाणी त्यांच्याकडे आधीच होती. त्यांना हवा होता तो निकाल. सोमवारी शाळेत सगळ्यांना तो माहीत असायचा आणि आपल्यालाही माहीत असायला हवा, एवढ्यासाठी. म्हणजे टंचाई हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं, सगळ्यांची एक ठरलेली वेळ.

योगायोग बघा, इथली पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ची, तुमच्या गीतमालेच्या जेमतेम तीन आठवडे आधीची. एका संगीत साप्ताहिकातल्या माणसाने वीसेक दुकानांना फोन करून खप विचारला आणि यादी छापली.

आता दुकानं गेली आणि मोजणी ऑनलाइन ऐकण्यावर आली. मार्च २०१७मध्ये एड शिरन या इंग्रज गायकाचा अल्बम आला तेव्हा पहिल्या वीसांत सोळा गाणी त्याचीच होती. लोक अल्बम सलग ऐकत होते, यंत्र प्रत्येक गाण्याला मत धरत होतं. मग त्याच वर्षी नियम आला, एका कलाकाराची जास्तीत जास्त तीन गाणी. शिवाय जुनं होऊन सलग उतरत चाललेल्या गाण्याच्या ऐकण्याला निम्मंच वजन. तुमचा बिगुल आणि हा नियम एकाच कामाचे आहेत, नाही का? जुनं गाणं स्वतःहून हलत नाही, कोणीतरी उठवावं लागतं. फरक एवढाच, की सयानी त्याला सगळ्यांदेखत मानाने उठवायचे. इथे गाणं गुपचूप खाली जातं.

माझ्या मुलांना आठवड्याचा पहिला नंबर ठाऊक नसतो, फक्त नाताळचा असतो. २०१८ ते २०२२ सलग पाच नाताळ एका जोडप्याची गमतीची गाणी (बहुतेक सॉसेज रोलवरची) पहिली आली, कमाई गरजूंना अन्न देणाऱ्या संस्थेसाठी होती. माझ्या धाकट्याने त्यासाठी खाऊच्या पैशांतून गाणं विकत घेतलं, आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणजे मतमोजणीत आपलं बोट दिसत असेल तर आजची मुलंही यादीकडे बघतात.

आकडेमोड्या (ठाणे):

आजच्या याद्यांवर लोकांचा विश्वास का नाही, एवढंच लिहितो. जुलै २०१९मध्ये आपल्याकडच्या एका हिंदी पॉप गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज झाल्याचं जाहीर झालं. त्यात पैसे देऊन केलेल्या जाहिरातींमधून आलेले व्ह्यूजही होते. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने ठरवलं की जाहिरातीतून आलेले व्ह्यूज संगीताच्या चार्टमध्ये धरायचे नाहीत. दुसऱ्या व्हिडिओच्या आधी पाचसात सेकंद जबरदस्तीने कानावर पडलेलं गाणं हे ऐकणं नव्हे, हे मान्य करायला एवढा काळ गेला. पोस्टकार्ड लिहायला निदान हात लागायचा.

बेंजोवाला_कोरेगाव:

मी बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो, अकरा वर्षं झाली. सगळे म्हणतायत यादी कोणी बघत नाही, पण मी बघतो. मला बघावीच लागते. फेब्रुवारीत लग्नसराईच्या आधी आम्ही बसतो आणि रीलवर काय चाललंय ते काढतो. आमच्यासाठी चार्ट तोच. वरातीत पोरं येऊन म्हणतात, “दादा, ते रीलवालं वाजव.” नाव माहीत नसतं, सिनेमा तर नाहीच. हाताने एक स्टेप करून दाखवतात आणि आम्ही ओळखतो. (काका, तुमच्या ‘लताचं, पाऊस आहे’सारखंच हे.)

त्याने आमच्या वाजवण्यात काय झालं ते सांगतो. पूर्वी नवीन गाणं बसवायचं म्हणजे मुखडा, दोन अंतरे, मधलं म्युझिक, दोन रात्री जायच्या. आता तेवढा पंधरा सेकंदांचा तुकडा बसवतो. मागच्या वर्षी एका गावात नवं गाणं जमलं म्हणून हौसेने अंतरा घेतला, तर नाचणारी पोरं थांबली. अंतरा कोणी ऐकलेलाच नव्हता. ऑक्टापॅडवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही पुन्हा मुखड्यावर आलो. मला त्या दिवशी वाईट वाटलं. गाणं करणाऱ्याने अंतऱ्याला पण मेहनत घेतलेली असते.

‘झिंगाट’ला मात्र पूर्ण वाजवावं लागतं. २०१६चं गाणं, अजून रोज फर्माईश, लहान पोरांनासुद्धा अख्खं पाठ. ते आज कुठल्या यादीत असेल असं वाटत नाही. पण वरातीत ते पंचवीस आठवड्यांनी निवृत्त होत नाही.

कोरी_कॅसेट:

लेस्टरच्या ताई, तुमचं म्हणणं पटलं. ठरलेली वेळ हेच खरं. १९८९ला गीतमाला विविध भारतीवर आली, आवाज स्वच्छ झाला, खरखर गेली, पण माझ्याकडच्या चिठ्ठ्या कमी होत गेल्या. मी त्याचा दोष केबल टीव्हीला देत होतो. आता वाटतं, वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या वेळी गाणी दिसू लागली हे मुख्य. १९९४ला ती बंद झाली तेव्हा एकाही गिऱ्हाइकाने दुकानात येऊन विषय काढला नाही, याचं मला आजही दुःख आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये सयानी गेले त्या दिवशी मात्र जुन्या गिऱ्हाइकांचे चार फोन आले. एकजण म्हणाला, तुम्ही भरून दिलेल्या कॅसेटमध्ये शेवटचं गाणं अर्धं आहे, आणि मला ते तसंच आठवतं. अख्खं लागलं की चुकल्यासारखं होतं. माझी बेरीज त्या दिवशी हुकली असणार.

बेंजोवाले दादा, अंतरा सोडू नका. पहाटे मांडव रिकामा असताना वाजवा, पण हातात ठेवा.

वहीतली_गाणी:

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा संघाचा अंदाज बरोबर निघाला. आत्याला फोन केला, ती म्हणाली, सातजण होते आणि शिक्का आमच्याच घरी असायचा. तिने तो बाबांच्या शिवणयंत्राच्या खणात बघायला सांगितलं. शिक्का नाही मिळाला, पण वाळलेली जांभळी शाई असलेली पत्र्याची डबी मिळाली.

‘स्टेशन गेले’चाही उलगडा झाला. त्या बुधवारी आमच्या रेडिओवर सिलोन ऐकू येईनासं झालं होतं. मिरजेला बाबांचा एक मित्र होता, त्यांच्या गच्चीवर उंच एरियल होती. गुरुवारी कामावरून सुटल्यावर बाबा सायकलने मिरजेला गेले आणि राहिलेली चार गाणी त्यांच्या वहीतून उतरवून घेतली, त्यांच्याच पेनने. म्हणजे अशी वही त्यांच्याकडेही होती.

काल बुधवार होता. मी आणि मुलीने आठ वाजता तेच पान उघडलं आणि सोळापासून वर एकेक गाणं फोनवर लावत गेलो. बाराव्यानंतर ती पुढचं वाचू नको म्हणाली, नाव झाकून ठेवायला लावलं. दर गाण्याआधी आम्ही दोघी ओळखायचा प्रयत्न करत होतो. तिचं एकही बरोबर आलं नाही, माझी तीन.

ते मित्र आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि मिरजेतच राहतात. आत्याने त्यांचा नंबर दिलाय. रविवारी वह्या घेऊन जाणार आहोत, मुलगीही येतेय.