एका सिलिंडरचा प्लग पांढरा पडतोय, इंजेक्टरच्या नोझलचं भोक मोठं करावं का?

खानापूर_ट्विन: ६५० सीसी, दोन सिलिंडर, ड्रॅग रेससाठी. क्रँकला ८० एचपी, रेडलाइन ९५००. इंजेक्टर मूळचेच, ३ बारला २१० सीसी प्रति मिनिट. एक्झॉस्टच्या जोडावरचा वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) १२.८ दाखवतो, तरी डावा प्लग पांढराफट्ट, म्हणजे तिथं पेट्रोल कमी पडतंय. उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) भोक वाढवून मिळेल म्हणतात.

उद्यमबाग_लेथ: अजिबात नको, अण्णा. ०.२० मिमीचं भोक १० मायक्रॉननं वाढलं की प्रवाह १० टक्क्यांनी वाढतो, आणि नोझलच्या टोकावरच्या पत्र्याला अशी चार-सहा भोकं. सगळी सारखी येणार कशी? शिवाय कडेला बर (धातूची कुसळं) राहिली की फवारा वाकडा होऊन पोर्टच्या भिंतीवर आपटतो.

एका एचपीला ताशी अर्धा पौंड पेट्रोल धरा: ८० × ०.५ = ताशी ४० पौंड, गुणिले १०.५ म्हणजे मिनिटाला ४२० सीसी, एका इंजेक्टरला २१०. म्हणजे पूर्ण ताकदीला नोझल १०० टक्के वेळ उघडं! ९५०० ला एका चक्राला (क्रँकचे दोन फेरे) १२.६ मिलिसेकंद मिळतात, त्यातले ८० टक्केच वापरायचे. २१० ÷ ०.८ = २६३. २७० ते ३०० चे घ्या की, पण ओहम (कॉइलचा रोध) मूळच्याइतकेच बघून, नाहीतर ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) इंजेक्टर चालवणारा ड्रायव्हर जळेल.

निपाणी_मॅप: हिशोब बरोबर, पण डावाच का पांढरा? जोडावरचा सेन्सर दोघांची सरासरी सांगतो. एक १२ ला, दुसरा १३.६ ला असला तरी आकडा १२.८ च्या आसपासच. आधी इंजेक्टर डावे-उजवे अदलाबदल करा. पांढरेपणा उजवीकडे गेला तर दोष इंजेक्टरचा. डावीकडेच राहिला तर इनटेकचं रबर हवा ओढतंय का, दोन्ही थ्रॉटल सारखे उघडतात का (सिंक), ते बघा.

दोष इंजेक्टरचा निघाला तर दोन्ही बेंचवर लावा, ३ बारला ३० सेकंद: प्रत्येकी १०५ सीसी यायला हवं. दोघांत ३ सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर अल्ट्रासोनिक, उलटं फ्लशिंग, नवी जाळी, नवे ओ-रिंग. दोन्ही कमी भरले तर मात्र दोघांतही घाण.

खानापूर_ट्विन: प्रेशर ४ बार केलं तर भागेल?

निपाणी_मॅप: नाही. प्रवाह वर्गमुळानं वाढतो, १५ टक्केच: २४२. ड्यूटी (नोझल उघडं राहण्याचा वेळ) तरी ८७ टक्क्यांवर. नवे इंजेक्टर बसवले की डेड टाइमही (नोझल उघडायला वाया जाणारा वेळ) ईसीयूत नवा भरा. आयडलला २ मिलिसेकंदांच्या पल्समध्ये १ त्यातच जातो, ०.२ ची चूक म्हणजे पेट्रोलात २० टक्के फरक.

अन् बेळगावात केलेला मॅप (ईसीयूतला पेट्रोलचा तक्ता) तसाच चोर्ला घाटातून खाली गोव्याला नेऊ नका. तिथं हवा सुमारे ९ टक्के दाट. हवेच्या दाबाची दुरुस्ती नसेल तर दोन्ही प्लग पांढरे होतील.