मदत हवी आहे: थर्मामीटर नेमका कुठे टांगू?
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या साखळीचा. गेले १५ दिवस दुपारी अडीचचं तापमान वहीत टिपतोय. काल पडवीतल्या खांबावर ३९ अंश, आणि त्याच वेळी मागे कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, ३५! किनारी भागात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान निदान ३७ आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त लागतं, मग मी कुठला आकडा धरू? चिऱ्याची भिंत तापून हात लावू देत नाही, कुळागरात पोफळींना नुकतंच पाणी सोडलेलं. दोन्ही नोंदी मला पटत नाहीत. थर्मामीटर ठेवायला झडपांची पांढरी पेटी हवी, दार उत्तरेला, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, एवढं ठाऊक आहे. डिचोली-म्हापशाकडे अशी पेटी करणारा सुतार कुणाच्या माहितीत आहे का? फणसाचं लाकूड आपल्या पावसात टिकेल? कुणी केली असेल तर फोटो नक्की टाका.