मदत हवी आहे: आईचा पाय सुजलाय, हत्तीरोग असेल का? नागपुरात कुठे दाखवू?

प्रतापनगरकर
आईच्या पायावर सूज आहे. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले हत्तीरोग असू शकतो, रक्त तपासा. तपासलं, रिपोर्ट निगेटिव्ह. आता ते म्हणतात थोडं थांबून बघू. काय बघायचं? सूज उतरायचं नाव नाही. जोडवं बोटात इतकं रुतलं की सोनाराकडे नेऊन कापून काढावं लागलं. घरगुती उपाय नकोत, हा आजार बघणारे डॉक्टर कुठे बसतात तेवढं सांगा. लवकर सांगा.

सदरची_माधुरी
एकच पाय की दोन्ही? वय काय? शुगर, बीपी? सूज अचानक आली की हळूहळू वाढली? दोन्ही पाय असतील तर हृदय आणि किडनीचं आधी बघतात. एवढ्याशा माहितीवर कोण काय सांगणार दादा?

रामटेकचा_भाऊ
काहून एवढे घाबरून राहिले भाऊ? आमच्याकडे घरोघरी आहे हे. हत्तीरोगाच्या डीईसी गोळ्या आणा, देऊन टाका. रिपोर्टच्या मागे कशाला पैसे घालता.

मनीषनगर_ज्योती
माझ्या सासूबाईंना होमिओपॅथीने खूप फरक पडला. चिकाटी लागते, पण साइड इफेक्ट नाही. मेसेज करा, पत्ता देते.

निवृत्त_लॅबवाला
प्रतापनगरकर, एकच विचारतो. रक्त किती वाजता घेतलं?

प्रतापनगरकर
सकाळी, उपाशीपोटी. शुगरचं द्यायचंच होतं, त्यासोबत दिलं. वेळेचा काय संबंध?

निवृत्त_लॅबवाला
सगळा संबंध तिथेच आहे. हत्तीरोगाचे मोठे जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतात, त्यांची पिल्लं रक्तात सोडतात. ही पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री बोटाच्या रक्तात येतात, कारण हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. रात्री 10 ते 2 ही सगळ्यात भरवशाची वेळ. सकाळच्या काचपट्टीवर काही दिसलं नाही, यावरून काहीच ठरत नाही. मी उभ्या नोकरीत अशा रात्रीच्या काचपट्ट्या रंगवल्या आहेत. मायक्रोस्कोपखाली ते धाग्यासारखं वळवळणारं एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.

रक्त रात्री द्या, नाहीतर अँटिजेनची, म्हणजे जंताचा अंश शोधणारी कार्ड टेस्ट करा, ती दिवसाही चालते. अजून एक लक्षात ठेवा. सूज जुनी असेल तर आतले जंत कधीच मेलेले असू शकतात. मग दोन्ही तपासण्या निगेटिव्ह येतील आणि तरीही सूज हत्तीरोगाचीच असेल.

रामटेकच्या भाऊंना विनंती, असं सांगू नका. गोळीचा डोस वजनावर ठरतो, नेहमीचा कोर्स 12 दिवसांचा. रक्तात पिल्लं भरपूर असली तर ती मरताना ताप, डोकेदुखी, चक्कर येते. शिवाय आधीच गोळी घेतली तर मग काचपट्टीवर काय सापडणार?

रामटेकचा_भाऊ
माझ्या बापाला दिल्या होत्या, काही झालं नाही. आशाताई तरी कुठे रक्त तपासून गोळ्या देते?

सदरची_माधुरी
भाऊ, सरकारी गोळ्या वाटपाच्या मोहिमेत वर्षाला एकदाच डोस देतात, तोही वय-उंची बघून आणि समोर खायला लावून. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि गंभीर आजारी माणूस वगळतात. नागपूर जिल्ह्यात तर डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन अशी तिन्ही दिली आहेत. ते गावातला प्रसार थांबवायला. सुजलेल्या पायाचा इलाज वेगळा.

प्रतापनगरकर
वय 58. डावा पाय. शुगर आहे, गोळी चालू. पूर्वी पावसाळ्यात सूज यायची आणि उतरायची, यंदा उतरलीच नाही. मध्ये मध्ये फणफणून ताप येतो, जांघेत अवधान येतं, गाठ सुजते. माहेर ब्रह्मपुरीकडचं, लग्नाआधी दरवर्षी रोवणीला असायची. आता तरी डॉक्टर सांगाल का?

वर्धा_रोडची_सिस्टर
दादा, हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा जुना पट्टा आहे, त्यामुळे डॉक्टरांची शंका रास्त वाटते. तरी आधी पायाचा डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करा. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, असं असेल तर शिरेत गुठळी असू शकते आणि ती थांबत नाही. आईला दम लागला किंवा छातीत दुखलं तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या.

बोटांच्या बेचक्यांत बघा. पांढरं, ओलं, चिरलेलं आहे का? चिखल्या असतील तर ताप तिथूनच येत असणार. भेगेतून जिवाणू आत जातात, पाय लाल होतो, अवधान येतं, आणि प्रत्येक वेळी सूज आणखी पक्की होते. शुगर आहे म्हणून जास्तच जपायला हवं.

प्रतापनगरकर
बघितलं. करंगळीच्या शेजारी अगदी तसंच आहे. तिने कधी सांगितलंच नाही.

कामठीकर_72
लहान मुलांच्या जंतासाठी कारल्याचा रस उत्तम. नातवाला दिला होता. शाळेत, अंगणवाडीतही जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका.

सदरची_माधुरी
काका, ते पोटातले जंत. इथे पायाचं चाललंय.

मिहानवाला
तोवर घट्ट मोजे घाला ना. मेडिकलमध्ये मिळतात, माझ्या व्हेरिकोजला भारी उपयोग झाला.

वर्धा_रोडची_सिस्टर
नको. डॉप्लर झाल्याशिवाय, चिखल्या सुकल्याशिवाय आणि शुगरवाल्या पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय नको.

मिहानवाला
मलाही डॉक्टरांनीच सांगितले होते.

वर्धा_रोडची_सिस्टर
तुम्हाला तपासून सांगितले. या आईंना अजून कुणी तपासलेलं नाही.

सदरची_माधुरी
मूळ रोग डासांचा आहे. आमच्या गल्लीत नाली उघडी, संध्याकाळी दार उघडं ठेवायची सोय नाही. घाण पाणी असेल तिथे क्युलेक्स असणारच. सगळ्यांनी निदान संडासाच्या गॅस पाइपला जाळी बांधा. दहा मिनिटांचं काम आहे आणि डास खरंच कमी होतात.

रामटेकचा_भाऊ
हे मात्र बरोबर बोलल्या ताई. फवारणीवाले गेले की दुसऱ्या दिवशी डास परत हजर.

निवृत्त_लॅबवाला
आता मूळ प्रश्न. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मेडिसिन ओपीडीत सकाळी लवकर जा, डॉप्लरही तिथेच लिहून देतील. एम्स मिहानमध्ये आहे, तुम्हाला तेही सोयीचं. रात्रीच्या रक्तासाठी हत्तीरोग नियंत्रण पथकाची चौकशी जिल्हा हिवताप कार्यालयात करा. वर्ध्याकडे जाणं-येणं असेल तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवा, तिथल्या कॉलेजात या रोगावर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे.

प्रतापनगरकर
डॉप्लर झाला, गुठळी नाही. चिखल्यांना मलम दिलंय. रात्रीचं रक्तही घेतलं, रिपोर्ट यायचा आहे. आई विचारते, पाय पूर्वीसारखा होईल का? काय सांगू? आणि घरी काय करायचं ते नीट सांगा, ओपीडीत गर्दी होती.

वर्धा_रोडची_सिस्टर
पूर्ण पूर्वीसारखा होईल असं सांगू नका. तापाचे झटके थांबले की सूज बरीच आटोक्यात राहते, हे सांगा, ते खरं आहे. रोज साधा साबण आणि साधं पाणी, कढत नाही. प्रत्येक बेचकं मऊ फडक्याने टिपून कोरडं करायचं. घासायचं नाही, मग मलम. रात्री पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवून पाय उंच. बसल्या बसल्या घोटा वर-खाली, गोल. अनवाणी फिरू द्यायचं नाही, अंगणातसुद्धा. ताप आला तर व्यायाम आणि मालिश बंद, ओल्या फडक्याने पाय गार करा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, अँटिबायोटिक लागतं.

प्रतापनगरकर
विटा आजच आणतो. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.