मदत हवी आहे: सोमवारी इंटर्नशिप सुरू, सीपीटीचा कागद अजून हातात नाही

चाकोरीबाहेर:
नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे. अमेरिकेत मास्टर्स करतोय. उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली आहे, सोमवारी रुजू व्हायचंय. युनिव्हर्सिटीत सीपीटीचा (शिकत असताना कंपनीत काम करायच्या परवानगीचा) अर्ज टाकलाय, पण पोर्टल उघडलं की तेच 'प्रलंबित'. तिकडे कंपनीचा लॅपटॉप घरी येऊन पडलाय आणि एचआरकडून रोज मेल येतोय की या आठवड्यात ऑनलाइन ट्रेनिंग संपवून टाक. सुरू करू का? कागद मागाहून येईलच ना? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लगेच सांगा. गूगल करून झालंय.

उनाडवारा:
सुरू करू नका. बाकीचं सांगण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. व्हिसा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) आहे ना? तिकडे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालंय का? इंटर्नशिप पगारी की बिनपगारी? उन्हाळ्यासाठी इंटर्नशिपच्या कोर्सला नाव नोंदवलंय का? आणि 'प्रलंबित' म्हणजे नेमकं कोणाकडे प्रलंबित?

शाळामास्तर:
बाळा, मेलामेली करत बसू नकोस. सकाळी ऑफिस उघडलं की दारात उभा राहा. समोर माणूस उभा असला की फाइल हलते, हा जगभरचा अनुभव आहे. माझ्या मुलीचं काम असंच झालं.

चाकोरीबाहेर:
एफ-१च हो, म्हणून तर सीपीटी. ऑगस्टमध्ये आलो, दोन्ही सेमिस्टर झाल्या. पगारी आहे. कोर्सचं काय ते समजलं नाही, ॲडव्हायजर सर तर तोंडी 'हो' म्हणालेत. @शाळामास्तर, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं ऑफिस सध्या फक्त ऑनलाइन भेट देतंय, आधी वेळ घ्यावी लागते.

सागरगोटा:
एवढं घाबरू नका. माझ्या रूममेटने कागद यायच्या आधीच ट्रेनिंगचे सगळे व्हिडिओ बघून टाकले होते, कोणी काही विचारलं नाही. व्हिडिओ बघणं म्हणजे काम नव्हे. कंपनीला ताटकळत ठेवलंत तर ऑफर हातची जाईल, ते जास्त वाईट.

पाणपोई:
सागरगोटा, कळकळीने सांगते, असा सल्ला देऊ नका. ट्रेनिंग कंपनीने सांगितलेलं, त्याचे तास टाइमशीटवर चढणार, त्याचा पगार मिळणार, मग ते कामच झालं. नियमात कुठेही मोकळी जागा नाही: डीएसओची (आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या अधिकाऱ्याची) नोंद असलेला नवा आय-२० (युनिव्हर्सिटी विद्यार्थ्याला देते तो व्हिसासाठीचा कागद) मिळाल्यावर, आणि त्यावर छापलेल्या तारखेपासूनच काम करता येतं. मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही. विनापरवाना काम झालं की स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून इथे राहण्याचं कायदेशीर स्थान, जातं. ते परत मिळवण्यासाठी जो रीइन्स्टेटमेंटचा अर्ज असतो, त्याची एक अटच अशी आहे की विनापरवाना काम केलेलं नसावं. म्हणजे तोही रस्ता बंद. एका आठवड्याच्या व्हिडिओंसाठी कोणी हे ओढवून घ्यावं असं मला वाटत नाही.

ऑफर लेटरवर सही करणं, बॅकग्राउंड चेकचे फॉर्म भरणं, बँकेचा तपशील देणं हे सहसा चालतं. लॅपटॉप मात्र खोक्यात राहू द्या.

सागरगोटा:
मग त्या आठवड्याचा पगार नको म्हणून कळवा. बिनपगारी असेल तर ती स्वयंसेवा. तिला परवानगी लागत नाही.

उनाडवारा:
नाही हो. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत, ज्या जागेसाठी पगार ठरलाय त्याच जागेवर स्वयंसेवा होत नाही. बिनपगारी इंटर्न कोणाला म्हणायचं यासाठी अमेरिकेच्या कामगार खात्याने जानेवारी २०१८ मध्ये सात मुद्द्यांची कसोटी स्वीकारली. फायदा मुख्यतः विद्यार्थ्याचा होतोय की कंपनीचा, हे त्यातून बघतात. पगार ठरवून मग सोडून दिला तर त्यातून सुटका होत नाही, उलट कंपनीही अडचणीत येते. शिवाय बऱ्याच युनिव्हर्सिट्या बिनपगारी इंटर्नशिपलाही सीपीटी घ्यायलाच सांगतात.

हिमनग:
मी जर्मनीत मास्टर्स केलं. इथे इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची असेल तर परक्या देशातल्या विद्यार्थ्यांना जे वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची मुभा असते त्यात ती मोजतच नाहीत. मात्र सक्तीच्या इंटर्नशिपला किमान वेतनाचा कायदाही लागू नाही, त्यामुळे पैसे कमी मिळू शकतात. ज्यांचं अजून ठरायचंय त्यांनी जर्मनीचा विचार जरूर करावा.

पाणपोई:
हिमनग, माहिती चांगली आहे, पण धागाकर्त्याला सोमवार गाठायचाय.

@चाकोरीबाहेर, मेख बहुतेक कोर्सच्या नोंदणीत आहे. सीपीटी म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेलं प्रशिक्षण. त्यामुळे एक तर इंटर्नशिप पदवीसाठी सक्तीची असावी लागते, नाहीतर तिच्यासाठी क्रेडिटचा कोर्स घ्यावा लागतो. सरांचं तोंडी 'हो' डीएसओच्या कामाचं नाही, त्यांना फॉर्मवर विभागाची मंजुरी लागते. पोर्टलमध्ये अर्जावर टिचकी मारून आत जा, कोणाच्या सहीशी थांबलाय ते तिथे दिसतं. ऑफर लेटरही उघडून बघा: कंपनीचं नाव, प्रत्यक्ष कामाचा पत्ता, आठवड्याचे तास, सुरुवातीची आणि शेवटची तारीख. यातलं एक जरी नसलं तरी अर्ज परत येतो.

आणि हा अर्ज इमिग्रेशन खात्याकडे जात नाही. ओपीटीसारखी (ती बहुधा पदवीनंतर घेतात ती कामाची परवानगी) फी नाही, कार्डाची वाट बघणं नाही. डीएसओ स्वतः सेव्हिस या सरकारी नोंदप्रणालीत नोंद करून नवा आय-२० काढतात. म्हणजे विभागाची सही झाली की पुढचं काम तुलनेने झटपट होऊ शकतं.

काजवा_७:
पगारी आहे म्हणताय म्हणून सांगतो. एफ-१वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा टॅक्ससाठी अनिवासी धरतात, तोवर सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (सरकारी आरोग्यविमा) १.४५ टक्के कापले जायला नकोत. कंपनीच्या पेरोलला हे दर वेळी माहीत असतंच असं नाही. पहिल्या पगाराची स्लिप नीट वाचा, कापले असतील तर लगेच परत मागा. सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्ज कामाच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून करता येतो.

रानजाई:
माझाही प्रश्न याच धाग्यात विचारते. मी इंटर्नशिपच्या कामावरच थीसिस करणार होते, पण कंपनीने गोपनीयतेच्या करारावर सही मागितली आहे. सही केली तर थीसिसमध्ये काय लिहिता येईल?

उनाडवारा:
रानजाई, सही करण्याआधीच कंपनीकडून लेखी घ्या की कुठला डेटा आणि कुठले निकाल थीसिसमध्ये चालतील. तुमच्या गाइडनाही त्या मेलमध्ये ठेवा. थीसिस ठरावीक काळ ग्रंथालयात बंद ठेवायची सोय पुष्कळ ठिकाणी असते. बाकीचं नव्या धाग्यात विचारा, इथे हरवून जाल.

चाकोरीबाहेर:
पाणपोई ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. अर्ज डीएसओकडे पोचलेलाच नव्हता, विभागात अडकलाय. कोर्सची नोंदणी नसल्यामुळे सही होत नाहीये. आता एक क्रेडिटचा इंटर्नशिप कोर्स घ्यायला सांगताहेत, त्याची उन्हाळ्याची फी वेगळी. एचआरला काय लिहू? तारीख पुढे ढकला म्हटलं तर ऑफर काढून घेतील का?

शाळामास्तर:
फी भरून मोकळा हो, त्यात घासाघीस नको. आणि विभागाच्या ऑफिसात तरी स्वतः जा. ते ऑनलाइन नसेल.

पाणपोई:
मास्तरांचं हे बरोबर आहे, विभागात जाच. एचआरला लांबलचक लिहू नका. 'माझी कामाची परवानगी युनिव्हर्सिटीच्या प्रक्रियेत आहे. आय-२० हातात आल्यावरच मला ट्रेनिंगसह काम सुरू करता येईल. रुजू होण्याची तारीख एक आठवडा पुढे करून सुधारित ऑफर लेटर द्यावं,' एवढं पुरे. त्यांनाही आय-९ फॉर्म (माणसाला कामाची परवानगी आहे हे तपासल्याचा) भरावा लागतो. त्यासाठी तुम्ही पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि सीपीटीची नोंद असलेला आय-२० दाखवणार, आणि रुजू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ते कागद त्यांनी तपासायचे असतात. कागद नसताना तुम्हाला कामाला लावणं त्यांनाही परवडणारं नाही. सुधारित पत्र आलं की तेच अर्जाला जोडा, नाहीतर तारखा जुळणार नाहीत.

सागरगोटा:
ठीक आहे, ट्रेनिंगबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. एक मात्र नक्की सांगतो: पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्या पदवीची ओपीटी जाते. दोन-तीन महिन्यांनी काही होत नाही, पण पुढच्या सेमिस्टरमध्येही कंपनी 'काम चालू ठेव' म्हणाली तर तास अर्धवेळ, म्हणजे आठवड्याला २०पर्यंत ठेवा.

चाकोरीबाहेर:
अपडेट. एचआरने तारीख आठवडाभर पुढे केली, एका ओळीचं उत्तर आलं, कुरकुर नाही. विभागात जाऊन बसलो, सही झाली. आत्ताच नवा आय-२० मेलवर आला! सगळ्यांचे मनापासून आभार. तर आता लॅपटॉप उघडू ना?

पाणपोई:
अभिनंदन! पण आधी दुसरं पान उघडा. कंपनीचं नाव, पत्ता, पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि सुरुवातीची तारीख. ती तारीख उजाडेपर्यंत लॅपटॉप बंद. आणि आय-२०वर सहीही करा.

चाकोरीबाहेर:
तारीख नवीन आहे, पूर्णवेळ लिहिलंय. पत्ता मात्र मुख्यालयाचा छापलाय, मी बसणार दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसात. डीएसओला मेल टाकतोय.