डिसॅबिलिटी पेन्शनचं अपील अडकलंय: थांबायचं की थेट न्यायाधिकरण गाठायचं? (ऑनलाइन धाग्यावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

घाटमाथा
माजी सैनिकांना सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे "धीर धरा, फाईल फिरतेय." माझ्या मते याच सल्ल्याने घात होतो. मेडिकल बोर्डाने एनएएनए, म्हणजे आजार सेवेमुळे झालाही नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही, असा शेरा मारला. क्लेम फेटाळला. सहा महिन्यांच्या मुदतीत पहिलं अपील पाठवलं आणि त्यावर सहा महिने चकार शब्द नाही. आता सशस्त्र सेना न्यायाधिकरणात (एएफटी) मूळ अर्ज टाकावा, बस्स.

२००७ च्या एएफटी कायद्याचं कलम २१ म्हणतं, आधी खात्यातले उपाय वापरा. पण अपिलावर सहा महिने आदेश आला नाही तर ते उपाय संपले असं धरलं जातं. एवढं सगळ्यांना तोंडपाठ असतं. कलम २२ कुणी वाचत नाही. ते सहा महिने संपल्यावर अर्जाला पुढचे सहाच महिने आहेत. नंतर विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो. माफी बहुधा मिळते, कारण पेन्शन दर महिन्याला देय होत राहते. पैसे मात्र जातात. २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार उशिरा आलेल्याला साधारणपणे अर्जाच्या मागची तीनच वर्षं थकबाकी मिळते.

साधा हिशेब मांडा. निवृत्ती २०१८, शेवटचं हिशेबी वेतन ४०,००० रुपये, बोर्डाने ठरवलेली डिसॅबिलिटी ३० टक्के. शंभर टक्के डिसॅबिलिटीला वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००. तीस टक्क्यांना ३,६००, आणि राउंडिंगने (टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याच्या नियमाने) ५० धरले की ६,०००. अर्ज २०२५ मध्ये केला तर थकबाकी २०२२ पासून. मधल्या चार वर्षांचे २,८८,००० रुपये बुडाले, महागाई सवलत वेगळीच.

टपालखाना
हिशेब बरोबर, पण आधी अडलंय कुठे ते तर पाहा. एएफटी हक्क ठरवतं, कुणाच्या टेबलावर फाईल पडलीय हे शोधत बसत नाही. क्लेम फेटाळलाय, की मंजूर होऊन पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) निघालेला नाही, की पीपीओ निघालाय पण आकडा चुकलाय? तिन्ही ठिकाणी औषध वेगळं.

मंजूर होऊनही पीपीओ निघत नाही तेव्हा नव्वद टक्के नाही म्हणत, पण बऱ्याचदा कारण फुटकळ असतं. जुन्या शीट रोलवर (सैन्यातल्या वैयक्तिक नोंदपत्रावर) फक्त नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर आडनावासकट. पत्नीचं नाव माहेरचं. जन्मतारखेत वर्षाचा फरक. प्रयागराजचं पीसीडीए (पेन्शन) ऑफिस, म्हणजे पीपीओ काढणारं संरक्षण लेखा कार्यालय, शेरा मारून क्लेम रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयाला) परत पाठवतं, आणि ते माणसाला कळतच नाही. अशा वेळी रेकॉर्डकडून नावदुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर (नोंद बदलल्याचा अधिकृत आदेश) काढून घ्यायची आणि मग संरक्षण पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर सर्व्हिस रिक्वेस्ट टाकायची. क्रम उलटा केला तर रिक्वेस्ट पुन्हा फेटाळली जाते.

आणि पत्ता बरोबर हवा. एनएएनए शेऱ्याविरुद्ध प्रयागराजला पत्रं पाठवणारे शेकड्याने आहेत. त्या ऑफिसला वैद्यकीय मत बदलता येत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महारचं सागरला, नौदलाच्या खलाशांचं मानखुर्दच्या चीता कॅम्पात, हवाई दलाच्या एअरमनचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. अपील तिथे जायला हवं, तिथून ते अपील समितीकडे जातं.

घाटमाथा
मी फेटाळलेल्या क्लेमबद्दलच बोलतोय. तिथे तरी थांबण्यात काय हशील?

टपालखाना
हात हलवत थांबू नका एवढंच. अपील टाकल्याच्या आठवड्यातच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. पण "माझ्या अपिलाचं काय झालं?" असा प्रश्न विचारलात तर "विचाराधीन आहे" असं एका ओळीचं उत्तर येतं. कागद मागा: रिलीज मेडिकल बोर्डाची (निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची) पूर्ण प्रोसिडिंग्ज (एएफएमएसएफ-१६, सगळी पानं), भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट (आयएएफवाय-२००६) आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (सैन्यांतर्गत चौकशीचा) निष्कर्ष, शिवाय अपील पुढे पाठवल्याच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख. शेवटची बाब मुद्दाम मागायची. पत्र गेलंच नसेल तर ते तारीख कुठून देणार? पुष्कळदा आरटीआय आल्यावरच ते पत्र निघतं.

काळा कोट
थोडं दोघांनाही. सहा महिन्यांनी एएफटीत जायला कायद्याने मोकळीक आहे, पण एएफएमएसएफ-१६ हातात नसताना जाऊ नका. त्या फॉर्मच्या सुरुवातीलाच सेवेची ठिकाणं तारखांसह असतात आणि प्रत्येकापुढे पीस (शांत ठिकाण) की फील्ड (मोहिमेचा भाग) ते लिहिलेलं असतं. बोर्डाने पुढे "आजार पीस स्टेशनला सुरू झाला, म्हणून एनएएनए" असं एका ओळीत उरकलेलं असतं. पण पीस पोस्टिंगच्या आधीची तीन वर्षं उंचावरच्या भागात गेली असतील तर ते त्याच फॉर्मवर आहे. निम्मी केस त्या तक्त्यात असते.

कायद्याचा कणा म्हणजे २ जुलै २०१३ चा धरमवीर सिंग निकाल. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही, तर माणूस धडधाकट होता असं गृहीत धरायचं, आणि आजार सेवेशी संबंधित नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर. बोर्डाने कारण लिहायलाच हवं. नुसता शेरा चालत नाही.

अर्ज पडतात ते इथे:

प्रार्थनेत फक्त "डिसॅबिलिटी पेन्शन मिळावी" एवढंच लिहिलेलं असतं, राउंडिंगचा उल्लेख नसतो. ५० च्या खालचं ५०, ५० ते ७५ चं ७५, त्यावरचं १००. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ आहे हे १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने ठरवलं, पण मागणी तुम्हीच लिहायची.

दुसरं, टक्केवारी २० च्या खाली असताना अपेक्षा ठेवणं. मुदत भरून निवृत्त झालेल्याला २० पेक्षा कमी असेल तर डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला डिसॅबिलिटीचा भाग) नाही, हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये एस. पी. राठोर प्रकरणात सांगितलं. आजारपणामुळे मुदतीआधी बोर्ड आउट केलेल्याचं वेगळं. त्याची डिसॅबिलिटी किमान २० मानायची, असा २०१४ चा सुखविंदर सिंग निकाल आहे. हे दोन निकाल एकमेकांत मिसळले की सरकारी वकिलाचं काम सोपं होतं.

रजेवर घरी असताना मोटरसायकलवरून पडल्याची केस अवघड. रजा हीसुद्धा सेवाच, एवढ्याने भागत नाही, अपघाताचा लष्करी कामाशी काहीतरी धागा दाखवावा लागतो.

रोलकॉल
न आवडणारं बोलतो. उशीर का होतो? शुगर आणि बीपीच्या क्लेमनी टेबलं भरलीत म्हणून. ज्याचा पाय सुरुंगात गेला तोही त्याच रांगेत. कॅगनेही २०२३ च्या अहवालात जीवनशैलीच्या आजारांकडे बोट दाखवलं. सरकारने २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एन्टायटलमेंट (पात्रतेचे) नियम आणले ते उगाच नाही. प्रत्येकाने एएफटीचं दार ठोठावलं तर खऱ्या जखमी माणसाचा नंबर कधी लागणार?

काळा कोट
लढाईत जखमी झालेला त्या रांगेत नसतो. त्याचं वॉर इंज्युरी एलिमेंट वेगळं, दर वेगळा, आणि बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतला जखमी) अशी नोंद झाली असेल तर एनएएनएचा वादच नाही. त्याचं अडतं ते कॅज्युअल्टी रिपोर्ट चुकीच्या सदरात गेला म्हणून. त्याला शुगरवाला जबाबदार नाही. नवे नियमही २१ सप्टेंबर २०२३ च्या आधी निवृत्त झालेल्यांना लागत नाहीत, म्हणून ते दाखवून जुन्या माणसाला घाबरवू नये.

रोलकॉल
तरी हायपरटेन्शनचे सगळे क्लेम सारखे नाहीत हे मान्य करा. पंधरा वर्षं पुण्यात क्लार्क आणि पंधरा वर्षं काश्मीर-सियाचीन, दोघांना तीसच टक्के?

काळा कोट
मान्य, सारखे नाहीत. म्हणून तर बोर्डाने प्रत्येकाचं कारण लिहावं. लष्करी डॉक्टरांसाठीच्या गाइडमध्ये हृदयविकारासाठी आजार सुरू होण्याआधीच्या १४ दिवसांच्या ड्यूटीचा तपशील बघायला सांगितलंय. तो युनिटकडून मागवलाच नाही आणि "पीस" म्हणून शिक्का मारला, तर त्यात क्लार्क आणि सियाचीनवाला एकाच मापाने मोजले जातात.

जिल्हा कचेरी
गावातल्या माणसाच्या बाजूने दोन गोष्टी. बेळगावचं रेकॉर्ड म्हणून कर्नाटकात केस टाकावी लागते हा गैरसमज काढा. निवृत्त माणूस राहतो तिथल्या खंडपीठात जाऊ शकतो, महाराष्ट्र-गोव्यासाठी ते मुंबई. दुसरं, "जिंकल्यावर थकबाकीच्या वीस टक्के" असा सौदा करणारे भेटतात. वकिलाने फी निकालाच्या रकमेवर टक्केवारीने ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. ठरलेली रक्कम लिहून घ्या आणि कोऱ्या वकालतनाम्यावर सही नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपिलाचा मसुदा तपासून मिळतो, पण जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि फेटाळल्याचं मूळ पत्र हवंच. नुसती तोंडी हकिकत घेऊन गेलात तर फेरी फुकट.

टपालखाना
आणि धागाकर्त्याने निकालानंतरचं काही लिहिलंच नाही. एएफटी जिंकली म्हणजे पैसे आले असं नाही. आदेशात तीन-चार महिन्यांची मुदत असते. रेकॉर्ड ऑफिस मुख्यालयाचं कायदेशीर मत मागवतं, मग सरकार अपील करायचं की नाही ते ठरवतं. मार्च २०२३ च्या परशोत्तम दास निकालानंतर एएफटीच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टाचा रस्ता पुन्हा मोकळा झालाय, तो सरकारलाही मोकळा आहे. शासनमंजुरीचं पत्र निघाल्याशिवाय प्रयागराज पीपीओ काढत नाही. शिवाय सदस्यांची पदं रिकामी राहिल्याने खंडपीठ बसलंच नाही असंही घडलेलं आहे. म्हणून म्हणतो, पहिल्या अपिलात कागद भक्कम लावले आणि तिथेच काम झालं तर त्याच्याइतकं जलद काही नाही.

घाटमाथा
झालं तर. नाही झालं तर सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवायची, यावरून मी मागे येणार नाही. दोन्ही कामं एकत्र करता येतात: अपील टाकलं की आरटीआय, आरटीआयचे कागद आले की वकिलाकडे मसुदा, आणि सहावा महिना संपला की दुसऱ्या आठवड्यात अर्ज दाखल. निकालाची मुदत उलटली तर अंमलबजावणीचा अर्ज तिथेच. मूळ आदेशात उशिरावर व्याज लावलेलं नसेल तर रेकॉर्डला घाई नसते, म्हणून व्याजाची मागणी पहिल्याच अर्जात असावी.

जिल्हा कचेरी
सहा महिने मोजताना अपील पाठवल्याचा आणि पोचल्याचा पुरावा हातात हवा. साधं पोस्ट किंवा कुरिअर नको, स्पीड पोस्टच. पाकिटावर आर्मी नंबर, रँक, नाव आणि "डिसॅबिलिटी पेन्शन, पहिलं अपील" असं ठळक लिहा. डिलिव्हरी झाल्याचं ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात प्रिंट करून पावतीला टाचून ठेवा. नंतर ते ऑनलाइन सापडत नाही, आणि रेकॉर्डने "अपील मिळालंच नाही" म्हटलं तर हातात दाखवायला तेवढंच असतं.