छोट्या खोलीसाठी सबवूफर : बंद पेटी की पोर्टवाली?

विश्रामबागकर, सांगली
आपल्याकडे सबवूफर (फक्त खालचा बास, म्हणजे जाड आवाज देणारा स्पीकर) पडद्याच्या इंचावर विकला जातो. १२ इंची समोर आला की ८ इंची कुणी वाजवूनही बघत नाही. माझं मत : १० बाय १२ फुटांच्या खोलीत ८ किंवा १० इंची, बंद पेटीचाच घ्यावा; पोर्टवाला, म्हणजे पेटीला हवेची नळी असलेला, नको. बंद पेटीचा बास खाली जाताना ऑक्टेव्हमागे (म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की) १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या) खाली २४ने. लहान खोली अगदी खालच्या बासला स्वतःच उचल देते, म्हणून बंद पेटीची ही सावकाश उतरण बरीचशी भरून निघते.

मिरजेच्या तंबोऱ्यावर वाढलेल्या कानांना हा फरक कळतो. काळी एकला लावलेल्या मर्दानी तंबोऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालचा सा) ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर असेल तर तो मूळ सूर मुख्यतः सबवूफरच देणार. तो सूर म्हणून ऐकू यायला हवा, नुसती घूंघूं नको.

पोवईनाका, सातारा
तंबोऱ्याचं पटलं, निष्कर्ष नाही. घरात सिनेमेही बघतात हो. लहान पेटी, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. बंद ८ इंचीकडे ३० हर्ट्झ मोठ्याने मागा, कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) पार टोकापर्यंत हलतो आणि आवाज फाटायला लागतो. तेवढ्याच पैशात पोर्टवाला १० इंची तिथे जास्त दम देतो.

आणि खोलीची उचल मिळते ती दारं बंद असतील तर. आमचा हॉल सरळ स्वयंपाकघरात उघडतो, मध्ये दारच नाही.

विश्रामबागकर
उघड्या हॉलचं मान्य. मी दार असलेल्या खोलीबद्दलच बोलतोय. पण छोट्या पेटीत पोर्टही बारीक बसवावा लागतो आणि आवाज वाढवला की त्यातून हवेची फसफस ऐकू येते. सिनेमातल्या शांत प्रसंगात ती फार खटकते.

कृष्णाकाठ, मिरज
तुम्ही दोघं पेटीवरच अडलात. १२ फूट लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद (भिंतींमध्ये घुमून फुगणारा सूर) ४७ हर्ट्झच्या आसपास येतो. लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर तेवढा बास जवळपास गायब, भिंतीला टेकून बसलात तर अंगावर येतो. पेटी कुठलीही असो, हे बदलत नाही.

सबवूफर आधी आपल्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत ऐका. बास जिथे सगळ्यात सारखा वाटेल, तिथे तो ठेवा. इक्वलायझर (वेगवेगळे सूर कमी-जास्त करायची सोय) उंचवटा कापतो, असा खड्डा भरू शकत नाही. दोन छोटे सबवूफर समोरासमोरच्या भिंतींना लावले तर मधला खड्डा बराच कमी होतो, म्हणून एका मोठ्यापेक्षा मी दोन लहान घेईन.

पोवईनाका
रांगून सापडलेली जागा नेमकी कपाटापुढे किंवा दिवाणाच्या पायाशी येते, त्याचं काय? आणि दोन घ्यायचे म्हणजे त्याच बजेटात दोन्ही हलके येणार. सोफ्याची जागा हातभर पुढे-मागे करणं त्यापेक्षा सोपं.

तिसरा_मजला, सांगली
फ्लॅटवाल्यांचंही ऐका. खालचा बास भिंती-स्लॅबमधून पार जातो. खाली रबराचे पाय लावले तर जमिनीला लागणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा बास तसाच जातो. खालच्या मजल्यावर आजी झोपलेल्या असतात, त्यामुळे ३० हर्ट्झचा दणका मला कधीच पुरा वाजवता येणार नाही. मी बंद ८ इंचीच घेणार.

पोवईनाका
तुमच्या घरासाठी बरोबर. स्वतंत्र घर, उघडा हॉल असेल तर माझं मत पोर्टवाल्यालाच.