टोप डोक्यावरचा की चुलीवरचा?

शब्दखुळी (सोलापूर) :

शनिवारी रात्री एका शब्दापायी आमच्याकडे जेवायला अर्धा तास उशीर झाला. म्हणून हा धागा.

मुंबईहून धाकट्या जाऊबाई आणि त्यांची लेक आली होती. पुतणी कपड्यांचं डिझाइन शिकते आणि सध्या तिला जुन्या काळच्या बायकांच्या हॅटांनी झपाटलंय. दुपारभर ती सासूबाईंना फोनवर फोटो दाखवत होती. भुवयांपर्यंत उतरलेल्या, एका डोळ्यावर कललेल्या, चेहऱ्यावर जाळी सोडलेल्या, पिसं खोवलेल्या. दर फोटोला सासूबाईंचं "अगं बाई!" चालू होतं. रात्री बेक्ड पास्ता करायचा ठरला होता. थंडीचे दिवस, आणि असलं ऊन ऊन, चीज सुटलेलं काही पोटात गेलं की बरं वाटतं. मी टोमॅटो चिरत होते. जाऊबाई ओट्यापाशी येऊन म्हणाल्या, "ताई, मोठा टोप कुठंय? पास्ता उकळायला टाकते."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई आतल्या खोलीत. ट्रंकेची कडी वाजली. परत आल्या त्या मामंजींची सोला हॅट पदराने पुसत. "हा घे. पण उकळायचा कशाला गं? नुसता पुसून घे की."

आमच्याकडे त्या भांड्याला पातेलं म्हणतात, नाहीतर भगुलं. टोप म्हणजे डोक्यावरचाच. जिरेटोप, केसांचा टोप, तान्ह्या बाळाचं टोपडं. मुंबईकडे मात्र टोपात भात शिजतो. हसून झाल्यावर डोक्यात किडा शिरला, हा शब्द चुलीवरून डोक्यावर गेला की डोक्यावरून चुलीवर आला?

दुसरं, 'बेक करणे' याला घरात वापरता येईल असं क्रियापद आहे का? 'भाजणे' चालत नाही. भाजलेला पास्ता म्हटलं की दुकानात मिळतात त्या भाजलेल्या शेवया डोळ्यांपुढे येतात, कोरड्या, पाकिटातल्या.

तिसरं जिव्हाळ्याचं. डिशच्या कडेला तांबूस, करकरीत, काचेला चिकटलेला जो भाग असतो आणि ज्यासाठी पोरं भांडतात, त्याला माझ्या माहेरी बार्शीकडे खरवड म्हणतात. सासूबाई म्हणतात खरपुडी. बरोबर काय?

भातुकली :

टोप आमच्या कोकणातलाही रोजचा. माशाची आमटी टोपात, भात टोपात. माझा अंदाज साधा आहे. पोकळ, खोलगट आणि वरून झाकणारं ते सगळं एका घरातलं. टोपी, टोपडं, पेनाचं टोपण, टोपली. पातेलं उलटं धरलं तर टोप, टोप उलटा धरला तर पातेलं. लहानपणी लढाई-लढाई खेळताना आपण काय करत होतो? आईचं पातेलं डोक्यावर आणि हातात लाटणं. आणि इथे आपण सगळे जे लावून बसलोय ते टोपणनावच की, नावावरचं झाकण.

जुना चाटी :

सासूबाईंचं काही चुकलं नाही. सोलापुरात डोक्यावरचा टोप पक्का आहे.

त्या सोला हॅटबद्दल सांगतो. आमच्या शाळेत अर्ध्या वर्गाची समजूत होती की ती सोलापूरची हॅट. तसं नाही. शोला नावाच्या पाणथळीतल्या झाडाचा गाभा, पांढरा, हलका, त्याची ती टोपी. आपण ज्याला भेंड म्हणतो, बाशिंगाला लागतं, त्या जातीचं. इंग्रजांनी ऊन अडवायला डोक्यावर घेतली, आणि पुढे त्यांच्यातल्याच कित्येकांनी शोलाचं सूर्यावरून 'सोलर' करून टाकलं. म्हणजे एका झाडाला त्यांनी सूर्य समजलं, आम्ही गाव समजलो. गावाचं जुनं नाव सोन्नलगे, त्यात टोपीचा काही संबंध नाही.

आता गावची गंमत. इथे मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही कानावर पडतात. आपण 'टोपी घातली' म्हणतो, म्हणजे फसवलं. कन्नडवाले 'टोपी हाकु' म्हणतात, तेलुगूवाले 'टोपी पेट्टु'. अर्थ तोच. गावाच्या पूर्व भागात उधारी बुडाली तर माणूस कुठल्याही भाषेत टोपीच दाखवतो. टोपी फिरवली म्हणजे पक्ष बदलला, टोपी उडवली म्हणजे टर उडवली, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणजे उसनवारीचा खेळ. बिचारीच्या वाट्याला एक चांगला वाक्प्रचार आला नाही. मान सगळा पगडी-फेट्याने नेला. परदेशी माणूससुद्धा आपल्याकडे आधी टोपीवरूनच ओळखला गेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज म्हणजे डच, हे सगळे 'टोपीकर' आहेत.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ज्या गावात १९३० च्या मार्शल लॉमध्ये लोकांच्या डोक्यावरून गांधी टोपी उतरवली जात होती, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ ला चौघे फासावर गेले, त्या गावात टोपी नुसती फसवणुकीची राहत नाही. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी उभं राहिलं की कळतं. असो, पास्त्याच्या धाग्यात फार झालं.

हॅट् :

'हॅट्!' हा शुद्ध मराठी शब्द आहे, कुणाकडून उसना घेतलेला नाही, एवढं सांगायला आलो होतो.

कणीदार :

शब्दखुळीताई, तुम्ही उकळण्यावरून थेट कडेवर उडी मारली. मधला सगळ्यात रसाळ शब्द सुटला. पास्ता किती शिजवायचा? इटालियन लोक म्हणतात 'अल देंते', दाताला लागेल असा. त्याला मराठी शब्द शोधत लोक कुठे कुठे जातात! अहो, बिर्याणीचा भात करणारा कुठलाही आचारी रोज म्हणतो, "एक कणी राखून उतरव." कणी म्हणजे दाण्याच्या पोटातला न शिजलेला ठिपका. पेने, म्हणजे नळीसारखा पास्ता, आडवी तोडून बघा, मध्ये पांढरं वर्तुळ दिसतं. तीच कणी. ओव्हनमध्ये पुढे शिजायचाच असतो, म्हणून पाकिटावर लिहिलंय त्याच्या दोन मिनिटं आधी उतरवायचा. पूर्ण शिजवलात तर बोटचेपा होतो. राजकारणातलं 'बोटचेपं धोरण' ते याच स्वयंपाकघरातून गेलेलं, दाबाल तसं दबणारं.

व्हाइट सॉसचंही तसंच. अर्धा लिटर दुधाला ३० ग्रॅम लोणी आणि ३० ग्रॅम मैदा. मैदा लोण्यावर परतायचा, पण रंग बदलू द्यायचा नाही. 'कन्सिस्टन्सी' लिहायची काय गरज? पळीवाढा म्हणा. गुठळ्या झाल्या तर गुठळ्या म्हणा.

शेमला :

हॅटांकडे कुणी बघेचना म्हणून मी बघते.

पुतणीच्या फोटोंमध्ये भुवयांपर्यंत उतरलेली असते ती क्लॉश, १९२० च्या दशकातली. फ्रेंचमध्ये क्लॉश म्हणजे घंटा. मराठीत 'घंटाटोपी' म्हणायच्या फंदात पडू नका, कॉलेजातली पोरं फिदीफिदी हसतील. ती इतकी खाली असायची की पुढचं दिसायला बाईला हनुवटी उचलूनच चालावं लागे. म्हणून त्या फोटोंत सगळ्या जरा गर्विष्ठ दिसतात. दोष मानेचा नाही, टोपीचा.

फेडोरा आपण पुरुषाची समजतो, पण नाव आलंय बाईवरून. १८८२ मध्ये पॅरिसला सार्दूच्या नाटकात सारा बर्नहार्टने फेडोरा नावाची राजकन्या रंगवली, त्यावरून. पिलबॉक्स म्हणजे शब्दशः गोळ्यांची डबी. १९६१ च्या जानेवारीत नवऱ्याच्या शपथविधीला जॅकलिन केनेडीने घातली ती हीच. त्या सगळ्या समारंभात रुंद काठाची एखादी मोठी हॅट विसरली गेली असती, ही वाटीएवढी डबी राहिली.

शब्दांचं म्हणाल तर हॅटच्या 'ब्रिम'ला साडीवाल्यांचा काठ आहेच. रुंद काठाची, अरुंद काठाची. पिसाला तुरा. जाळीला जाळी. पण 'ग्लॅमरस'? रुबाबदार म्हटलं की मला मिशीवाला फौजदार दिसतो. नखरेलमध्ये नाक मुरडणं आहे. डौलदार हत्तीला आणि होडीला. माझं मत 'झोकदार'. झोक म्हणजे कलणं, आणि झोक म्हणजे ऐटही. गाडी एका बाजूला झोक खाते आणि बाई झोकात चालते. कललेल्या हॅटला याहून नेमका शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर दाखवा. सरळ ठेवलेली हॅट ऊन अडवते, झोक दिलेली दिसते.

भट्टीकर :

'बेक'ला मराठी क्रियापद नाही, कारण ते काम आपण घरी केलंच नाही. दिवाळीआधी रवा-मैदा-तूप-साखर घेऊन आई आम्हाला बेकरीत पाठवायची. पत्र्याच्या ट्रेवर नानकटाया मांडायच्या, खडूने नंबर टाकायचा आणि ओळीत बसायचं. आम्ही 'भट्टीत लावून आणल्या' म्हणायचो. तेव्हा 'भट्टीत लावणे' म्हणा की. वाक्प्रचार तर केव्हाचा तयार आहे, भट्टी जमली! घरी केक करायचा झालाच तर पातेल्याखाली आर आणि झाकणावरही आर. विस्तव, निखारा, इंगळ, आर, किती शब्द होते बघा. ओटीजीत, म्हणजे घरातल्या विजेच्या ओव्हनमध्ये, दोन कॉइल असतात ते दुसरं काय आहे?

बाकी हुरड्याच्या आगटीत कणसं गरम राखेत दडपतात, त्यालाही आपण भाजणंच म्हणतो. म्हणजे 'भाजणे' एवढं कोरडं नाही, ताई. तुमचा शेवयांचा मुद्दा मान्य, पण अर्धाच.

शब्दखुळी :

सगळ्यांचे आभार. भट्टीकरदादा, हुरड्याचा मुद्दा बिनतोड, माघार घेते. तरी घरात 'पास्ता भट्टीत लावला' म्हणून बघितलं आणि मुलगा म्हणाला, "आई, वीट आहे का ती?" आमच्याकडे 'बेक केला'च राहणार.

खरवड-खरपुडीवर कुणी बोललं नाही, म्हणून काल पुन्हा केला, मुद्दाम बघायला. कणीदारांच्या सांगण्यावरून कणी राखली. चीज कमी पडलं, तेव्हा वर कडक भाकरी चुरून पसरली आणि शेंगाचटणी भुरभुरली. नाकं मुरडू नका, दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तेव्हा लोक पावाचा चुरा तेलात परतून पास्त्यावर घालत. त्यांच्याकडे शिळा पाव, आमच्याकडे कडक भाकरी. १८० वर पंचवीस मिनिटं लावला आणि बाराव्या मिनिटाला लाइट गेली. दार न उघडता तसाच ठेवला. वीस मिनिटांनी लाइट आली, मी वेळ मोजायला विसरले आणि कडा जरा जास्तच झाल्या.

पण त्यामुळेच फरक दिसला. वरच्या थराला बुडबुडे येऊन फुटतात आणि तिथे पोळीसारखे डाग पडतात, चटणी असेल तिथे गडद. तो थर चमच्याने उचलला की साईसारखा लोंबतो. ही खरपुडीही नाही आणि खरवडही नाही. 'वरची तांबूस साय' म्हणणं मला पटतं. काचेच्या आतल्या कोपऱ्यात सॉस वर चढून सुकतो, तिथे उलथनं लावलं की कर्र आवाज येतो आणि पातळ कपचे निघतात. ती खरवड, खरवडून काढावी लागते म्हणून. आणि अगदी तळाशी दोन पेने चिकटून एकजीव, टणक झाल्या होत्या, एका बाजूने काळपट. त्या सासूबाईंनी उचलल्या, "ही खरपुडी," म्हणाल्या आणि कुणाला विचारायच्या आत खाऊन टाकल्या. म्हणजे दोघींचंही बरोबर, जागा वेगळ्या.

शेमलाताई, 'झोकदार' पुतणीला फार आवडला. तिने मामंजींची सोला हॅट सासूबाईंच्या डोक्यावर ठेवली, अंबाडा आड येत होता म्हणून डावीकडे कलती. सासूबाई कपाटाच्या आरशात बघून म्हणाल्या, "झोक जातोय गं," आणि ती सरळ करू दिली नाही.

तोवर इकडे खरवडीची डिश कुणीतरी बेसिनमध्ये पाणी घालून भिजत ठेवली होती. कुणी, ते अजून कबूल झालेलं नाही.